ल्युकेमिया आपोआप ओसरतो का? ताप, इन्फेक्शन आणि प्रतिकारशक्ती यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तावीस वर्षं मी मुंबईत रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपसमोर बसले. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस परळला, जिथे कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल आहे, जाते. बाहेरगावाहून आलेल्या ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना फायली लावून देते, रिपोर्ट समजावून सांगते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय कधीच देत नाही.

या लोकांकडून, आणि गावी परतल्यावर फोनवरही, एक प्रश्न सतत येतो: ‘ताई, ताप आल्यावर ब्लड कॅन्सर आपोआप गेला असं ऐकलं, खरं का?’ हे खोटं आहे म्हणून मला उडवून लावता येत नाही, कारण त्यात तथ्य आहे. नुसतं ‘हो’ म्हणूनही सोडवत नाही. तेवढ्या ‘हो’वर विसंबून कीमो अर्धवट टाकून गावी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून आलेले प्रश्न एकत्र करून, जरा सविस्तर उत्तरं लिहिली आहेत.

१. रेमिशन म्हणजे बरं झालं असंच ना?

नाही. रेमिशन म्हणजे आजार तपासणीत दिसेनासा होणं. अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियात रेमिशन म्हणायचं तर बोन मॅरोमधल्या (हाडाच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मज्जेतल्या) ब्लास्ट, म्हणजे कच्च्या रोगी पेशी, ५ टक्क्यांच्या खाली यायला हव्यात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १,००० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर हवेत, आणि रक्त न चढवता ते तसे टिकायला हवेत.

निदान होतं तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी रोगी पेशी असू शकतात. त्या शंभर ते हजार पटींनी कमी झाल्या की मायक्रोस्कोपखाली मॅरो स्वच्छ दिसते, पण आत शंभर कोटी पेशी शिल्लक असू शकतात. माझ्या डोळ्याला त्या दिसत नाहीत. त्या शोधायला एमआरडीची तपासणी करतात, ती दहा हजार पेशींतली एक रोगी पेशीही पकडते. रेमिशन आल्यावरही डॉक्टर कीमो चालू ठेवतात, ते या उरलेल्या पेशींसाठी.

२. आपोआप रेमिशन म्हणजे काय? खरंच होतं का?

होतं. कॅन्सरवरचं कुठलंही औषध दिलेलं नसताना, किंवा रेमिशन येण्याइतका उपचार झालेला नसताना, प्रश्न १ मधल्या कसोटीवर मॅरो स्वच्छ आली तर त्याला आपोआप झालेलं रेमिशन म्हणतात. मोठ्या माणसांच्या अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, अशा नोंदी जास्त आहेत. लिम्फोब्लास्टिक प्रकारात, म्हणजे एएलएलमध्ये, त्या कमी आहेत. काही तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न ११ मध्ये आहे.

३. किती जणांत होतं आणि किती दिवस टिकतं?

इतकं विरळ, की असा एकेक पेशंट वैद्यकीय नियतकालिकात स्वतंत्र नोंद म्हणून छापला जातो. बहुतेकांचा आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परततो. वर्षानुवर्षं टिकल्याच्या नोंदी आहेत, पण बोटांवर मोजण्याएवढ्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याचा आजार ओसरला त्याची नोंद छापून येते. ज्याने उपचार थांबवून वाट पाहिली आणि तिसऱ्या आठवड्यात मेंदूत रक्तस्राव होऊन जो गेला, त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही. म्हणून छापलेल्या नोंदी वाचून ‘म्हणजे बऱ्याच जणांना होतं की’ असं वाटायला लागतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

४. याचा तापाशी, इन्फेक्शनशी संबंध कसा जोडला गेला?

पेशंट पाहून पाहून. अमेरिकेतले डॉक्टर जॉर्ज डॉक यांनी १९०४ मध्ये एक लेख लिहिला. मध्येच दुसरा आजार उद्भवला तर ल्युकेमियावर काय परिणाम होतो, हाच त्याचा विषय होता. त्या काळी ल्युकेमियावर धड औषध नव्हतं, त्यामुळे सुधारणा दिसली तर ती औषधाने झाली म्हणायला जागाच नव्हती.

त्याच सुमाराला न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली गाठीच्या कॅन्सरवर काम करत होते. चेहऱ्यावर पसरणारं विसर्प नावाचं जंतूंचं इन्फेक्शन झाल्यावर गाठ विरघळलेला एक जुना पेशंट त्यांना सापडला. मग १८९१ पासून त्यांनी आपल्या पेशंटना आधी जिवंत आणि पुढे मारलेले जंतू टोचायला सुरुवात केली. साधारण त्याच वर्षांत, जानेवारी १८९७ मध्ये, इथे भायखळ्याला डॉ. हाफकिन यांनी मारलेल्या जंतूंपासून केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. दोघांचे आजार वेगळे आणि हेतूही वेगळे, पण मेलेला जंतूसुद्धा शरीराला जागं करतो हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

पुढे १९५३ मध्ये लहान मुलांच्या ल्युकेमियाबद्दल एक महत्त्वाचा लेख आला. कांजिण्या झाल्यावर किंवा स्टॅफिलोकॉकस-स्ट्रेप्टोकॉकसचं इन्फेक्शन झाल्यावर काही मुलांत आजार तात्पुरता ओसरला होता. युगांडात १९७१ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाची डोळ्याजवळची बर्किट लिम्फोमाची गाठ गोवर आल्यावर विरली. लिम्फोमा हा ल्युकेमियाचा चुलतभाऊ म्हणा. आणि २०२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमधून नोंद आली की हॉजकिन लिम्फोमाच्या एका पेशंटच्या गाठी कोविडच्या न्यूमोनियानंतर, कीमो आणि स्टिरॉइड न देता, बऱ्याच प्रमाणात ओसरल्या.

एएमएलच्या नोंदी चाळल्या तर त्याच त्या गोष्टी पुन्हा भेटतात: न्यूमोनिया, रक्तात जंतू पसरणं, फंगल इन्फेक्शन, आणि रक्त चढवणं.

५. इन्फेक्शन झाल्यावर शरीरात नेमकं काय घडत असावं?

जंतू शिरला की शरीर टीएनएफ, इंटरफेरॉन, इंटरल्युकिन-२ असे निरोप रक्तात सोडतं. थंडी वाजते, ताप चढतो, अंग मोडून येतं, ते बरंचसं या निरोपांमुळे. याच निरोपांनी एनके पेशी आणि टी पेशी या पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी खवळतात. एनके पेशी ओळखपाळख न विचारता संशयित पेशीवर तुटून पडतात, तर टी पेशी खूण पटवून मारतात. एरवी ल्युकेमियाच्या पेशी या पहारेकऱ्यांपासून लपतात किंवा त्यांना गुंगवून ठेवतात. जंतूंविरुद्धच्या धुमश्चक्रीत पहारा जागा होतो आणि रोगी पेशीही सापडतात, असा तर्क आहे.

रक्त चढवल्यावर दात्याच्या पांढऱ्या पेशी किंवा अँटीबॉडी अंगात जातात. त्यांचाही हातभार लागत असेल असं मानतात. शिवाय जोराच्या इन्फेक्शनने मॅरो दबते, तेव्हा चांगल्या पेशींबरोबर रोगी पेशींचंही कारखान्यातलं काम काही काळ बंद पडतं. हे सगळे धागे मिळून काही पेशंटमध्ये परिणाम होतो. यातलं एकच कारण मुख्य म्हणून सिद्ध झालेलं नाही.

आणि आजार परत का येतो? निरोपांचा भर ओसरला की पहाराही थंडावतो. मागे उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात.

६. मग मुद्दाम इन्फेक्शन देऊन उपचार का करत नाहीत?

करून पाहिलं आहे. पॅरिसचे डॉ. जॉर्ज माथे यांनी १९६९ मध्ये एएलएलच्या मुलांना कीमोनंतर बीसीजी टोचून चांगले निकाल मांडले. क्षयाची लस म्हणून आपल्या बाळांना देतात, तीच बीसीजी. जगभर आशा वाढली. मग ब्रिटनमध्ये पेशंटचे गट पाडून रीतसर तुलना झाली, १९७१ मध्ये तिचे निकाल आले, आणि बीसीजीचा तसा फायदा दिसला नाही. मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर मात्र बीसीजी आजही वापरतात. ती थेट मूत्राशयात सोडतात.

जिवंत जंतूंचा मार्ग सोडला त्याचं कारण सरळ आहे. अक्यूट ल्युकेमियाचे पेशंट ज्या गोष्टींनी दगावतात, त्यात इन्फेक्शन अगदी वरच्या क्रमांकावर आहे. ज्याचे न्यूट्रोफिल दोनशेवर आलेत त्याच्या अंगात जंतू सोडायचे, आणि लाखांत एखाद्याचा आजार तात्पुरता ओसरेल या आशेवर बाकीचे गमवायचे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

७. मग निदान ताप आला तर तो तसाच चढू द्यावा का? अँटिबायोटिक उशिरा सुरू केलं तर फायदा होईल?

अजिबात नाही. या संपूर्ण पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

कीमो चालू आहे किंवा काउंट पडलेत, आणि एकदा १०१ फॅरनहाइट ताप दिसला, किंवा १००.४ चा ताप तासभर टिकला, तर ती इमर्जन्सी आहे. हॉस्पिटलला पोहोचल्यापासून साधारण एका तासात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा जगभरचा दंडक आहे. आपल्याकडे औषधांना न जुमानणारे जंतू फार आहेत, त्यामुळे उशीर आणखी महाग पडतो. आधी घरी पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतो का बघू’ असंही करू नका. ताप दबतो, जंतू दबत नाही.

दादरच्या एका धर्मशाळेतून रात्री दोन वाजता एका आईने मला फोन केला होता. मुलाला १०१.४ ताप. ‘ताई, सकाळी ओपीडीला नेऊ का?’ तिच्याजवळ फाइल, पाण्याची बाटली आणि शंभराच्या चार नोटा होत्या. मी म्हटलं, चपला घाला आणि टॅक्सी पकडा, बाकी बोलणं टॅक्सीत. अडीचला मुलाला सलाइन लागलं होतं. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू आला. तो मुलगा आता नववीत आहे.

८. पहिला रिपोर्ट ल्युकेमिया म्हणत होता, दुसरा नॉर्मल आला. आपोआप रेमिशन म्हणायचं की निदानच चुकलं होतं?

दोन्ही शक्य आहे, आणि माझ्या मते आधी दुसरीच शक्यता तपासावी. जंतुसंसर्ग जोराचा असला की पांढऱ्या पेशी ५०,००० च्या वर जातात आणि काही कच्च्या पेशी रक्तात उतरतात. याला ल्युकेमॉइड रिअॅक्शन म्हणतात. इन्फेक्शन उतरलं की काउंटही उतरतात.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे बी-१२ किंवा फोलेटची मोठी कमतरता. तिन्ही काउंट पडलेले आणि मॅरो मोठमोठ्या कच्च्या पेशींनी गच्च भरलेली. घाईत पाहिलं तर अक्यूट ल्युकेमिया वाटावा असं चित्र असतं. बी-१२ ची इंजेक्शनं दिली की आठवड्याभरात चित्र पालटतं. पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ इंजेक्शन चालू असताना काढलेल्या मॅरोतही असाच गोंधळ होतो.

म्हणून ‘आपोआप गेला’ म्हणण्याआधी पहिल्या स्लाइड दुसऱ्या अनुभवी माणसाकडून पुन्हा वाचून घ्या. फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) आणि जनुकांच्या तपासण्या तेव्हा झाल्या होत्या का, तेही बघा. त्या झालेल्या असतील तर निदान सहसा पक्कं असतं.

९. गावच्या डॉक्टरांनी ‘ताकदीचं’ औषध दिलं आणि काउंट सुधारले. याला आपोआप म्हणायचं का?

बहुतेक वेळा त्या औषधात स्टिरॉइड असतं. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही एएलएलवरचीच औषधं आहेत, कीमोच्या पहिल्या महिन्यात रोज देतात. ती एकटी दिली तर एएलएलच्या पेशी झपाट्याने वितळतात, ताप जातो, भूक लागते, पोर खेळायला लागतं. काही आठवड्यांनी आजार परततो, आणि कधी कधी औषधाला निर्ढावून परततो.

एक स्लाइड मला अजून दिसते. सात वर्षांचा मुलगा. आदल्या आठवड्यात बाहेरच्या लॅबमध्ये त्याच्या रक्तात ब्लास्ट दिसले होते. मॅरोची स्लाइड माझ्याकडे आली. मी तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स लावली. एक भाग, दुसरा, दहावा. जांभळट रंगात कुठे कुठे फुटलेल्या पेशींची टरफलं आणि बाकी रिकामं रान. रोगाचं नाव ठरवायला लागतील तेवढ्या पेशीच शिल्लक नव्हत्या. सर धावत खाली गेले आणि वडिलांना विचारलं. त्यांनी खिशातून कागदाच्या पुड्या काढल्या. ‘सांधे दुखत होते म्हणून दिल्यात, सहा दिवस झाले.’ कुणी दिल्या ते इथे लिहिणं महत्त्वाचं नाही. ब्लास्ट पुन्हा दिसेपर्यंत त्या घराने अकरा दिवस पोराकडे बघत काढले. उपचार कोणत्या गटाचा द्यायचा हे सुरुवातीच्या आकड्यांवर ठरतं, आणि ते आकडे स्टिरॉइडने पुसून टाकले होते.

मोठ्या माणसांत आणि मुलांत, विनाकारण काउंट पडलेत आणि मॅरो अजून काढलेली नाही, तर स्टिरॉइड घेऊ नका. घेतलं असेल तर न लाजता सांगा. पुडी, बाटली, जे असेल ते घेऊन या.

१०. पावसाळ्यात मुलाचे तिन्ही काउंट पडले होते. व्हायरल म्हणून सांगितलं, बरा झाला, आणि तीन महिन्यांनी एएलएल निघाला. आधीचं आपोआप रेमिशन होतं का?

हा प्रकार डॉक्टरांना माहीत आहे. मोजक्या मुलांत एएलएल उघड होण्याआधी ताप येतो, तिन्ही काउंट पडतात, मॅरो रिकामी दिसते. मग ती आपोआप भरून येते आणि पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एएलएल समोर येतो. त्या पहिल्या मॅरोत ब्लास्ट दिसत नाहीत, म्हणून त्या डॉक्टरांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

मुंबईत जुलै ते ऑक्टोबर प्लेटलेट पडलेली मुलं घरोघरी असतात, डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. त्या प्रत्येकात ल्युकेमिया शोधायचा नाही. पण ताप जाऊन तीन आठवडे झाले तरी काउंट वर येत नाहीत, किंवा हाडं दुखतात, गाठी येतात, मूल फिकट होत जातं, तर रक्ताचा स्मिअर अनुभवी डोळ्यांकडून बघून घ्या. स्टिरॉइडबद्दल प्रश्न ९ मध्ये लिहिलं आहे.

११. बाळ जन्मतःच ल्युकेमियासारखं आहे आणि डॉक्टर कीमो न देता थांबा म्हणतात. हे कसं?

इथे थांबणं बरोबर असू शकतं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बाळांच्या रक्तात भरपूर ब्लास्ट असतात. जीएटीए-१ नावाच्या जनुकात बदल झाल्यामुळे ते होतं. बहुतेकांत पहिल्या तीन महिन्यांत ब्लास्ट आपोआप नाहीसे होतात. यकृत बिघडलं किंवा काउंट फार वाढले तरच थोडं औषध देतात. त्यातल्या साधारण २० ते ३० टक्के बाळांना चौथ्या वर्षाच्या आत खरा मायलॉइड ल्युकेमिया होतो, म्हणून तोवर नियमित रक्ततपासणी सोडायची नाही. तो झाला तरी उपचारांना चांगला दाद देतो.

नवजात बाळांच्या ल्युकेमियात ८ आणि १६ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल सापडली तर तोही आपोआप ओसरू शकतो. काही मुलांच्या जेएमएमएल या विरळ ल्युकेमियातही, नूनन सिंड्रोम किंवा सीबीएल जनुकातला बदल असेल तर, तसं होतं. हा निर्णय जनुकांच्या रिपोर्टवर होतो. बाळ हसतंय, दूध पितंय, एवढ्यावरून होत नाही.

१२. बाबांना सीएलएल आहे आणि डॉक्टर ‘नुसतं बघू’ म्हणतात. ते आपोआप जायची वाट बघताहेत का?

नाही. वयस्कर माणसांचा हा हळू चालणारा ल्युकेमिया आहे. लक्षणं नसताना लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे, म्हणून फक्त लक्ष ठेवतात. आपोआप ओसरल्याच्या विरळ नोंदी सीएलएलमध्येही आहेत, पण ‘नुसतं बघू’ त्यासाठी नसतं.

१३. सीएमएलची गोळी बंद केली तरी रिपोर्ट चांगला आहे. हेही तेच का?

तेच नाही, पण जवळचं आहे. सीएमएल हा मायलॉइड पेशींचाच, पण हळू चालणारा ल्युकेमिया. इमॅटिनिबसारख्या गोळ्या अनेक वर्षं घेऊन आजार अतिसूक्ष्म पातळीला गेला आणि तिथे टिकला, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. फ्रान्सच्या २०१० च्या अभ्यासात शंभर पेशंट होते. वर्षभरानंतर त्यातल्या साधारण ४० टक्क्यांचा आजार परतला नव्हता. पुढच्या मोठ्या युरोपीय अभ्यासात दोन वर्षांनी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास निघालं. ज्यांचा परतला नाही त्यांच्यात एनके पेशी जास्त जोमदार आढळल्या. म्हणजे उरलेल्या पेशींवर पहारा शरीर स्वतःच ठेवतं.

पण हे लोक पहिले काही महिने दर महिन्याला पीसीआर, म्हणजे उरलेला आजार मोजणारी रक्ततपासणी, करतात. ‘बरं वाटतंय’ म्हणून स्वतःहून गोळी सोडणं ही वेगळी गोष्ट आहे.

१४. मग काढे, गुळवेल घेऊन प्रतिकारशक्ती वाढवली तर?

प्रश्न ५ मध्ये सांगितलेला पहारा काढ्याने जागा होतो, याला पुरावा नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणं’ हा शब्दच मला घातक वाटतो, कारण ल्युकेमिया हा प्रतिकारशक्तीच्याच पेशींचा आजार आहे. त्यातली कुठली वाढवायची हे काढा ठरवत नाही.

कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृत सुजलेले सहा पेशंट मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. कीमोतली अनेक औषधं यकृतातूनच जातात. त्यावर ओझं वाढलं की कीमो थांबवावी लागते. आजी प्रेमाने काढा उकळते, तिला रागावू नका. डॉक्टरांना मात्र नक्की सांगा.

१५. डॉक्टरच ल्युकेमियात आर्सेनिक देतात. मग आपल्याकडचं सोमल घेतलं तर काय बिघडलं?

आर्सेनिक ट्रायऑक्साइड एएमएलच्या एकाच उपप्रकारात, एपीएलमध्ये, देतात. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ते पारंपरिक औषधांतून शोधून काढलं. आज ते शिरेतून, मोजून, ईसीजी आणि क्षार वारंवार बघत देतात, जोडीला एटीआरए नावाची गोळी असते. कमी धोक्याच्या एपीएलमध्ये यावर दहांपैकी नऊहून अधिक पेशंट बरे होतात. पुडीतल्या सोमलाचं माप नसतं आणि बाकीच्या ल्युकेमियांवर त्याचा उपयोग नाही. उलट एपीएलमध्ये सुरुवातीच्या दिवसांत रक्तस्रावाने माणूस दगावतो. संशय आला त्याच दिवशी, जनुकांच्या रिपोर्टची वाट न बघता, एटीआरए सुरू करतात. या प्रकारात थांबून बघायला एक रात्रही नसते.

१६. प्रतिकारशक्ती खरंच ल्युकेमिया मारते, तर त्याचा उपचार म्हणून उपयोग कुठे होतो?

बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये. पूर्वी वाटायचं की जबर कीमोच रोग मारते आणि दात्याची मॅरो फक्त रिकामी जागा भरते. मग दिसलं की दाता अगदी सारखा जुळा भाऊ असेल तर आजार जास्त वेळा परततो. दात्याच्या पेशी थोड्या परक्या असतील तर त्या रोगी पेशींना शोधून मारतात. १९९० मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी दाखवलं की ट्रान्सप्लांटनंतर सीएमएल परतला असताना दात्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, चढवून तो पुन्हा जाऊ शकतो. आपोआप रेमिशनमध्ये जे क्वचित आणि अपघाताने घडतं, ते इथे हेतूने घडवलं जातं.

दुसरा मार्ग कार-टी. पेशंटच्याच टी पेशी काढून, त्यांना सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवून परत अंगात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये पवईला राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. उलटलेल्या बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी ती आहे. या पेशी चढवल्यावर अनेकांना सणसणून ताप येतो, रक्तदाब पडतो, कारण प्रश्न ५ मधलेच निरोप पुराने वाहू लागतात. डॉक्टर तो ताप अपेक्षून, हातात औषध तयार ठेवून बसलेले असतात.

१७. उलट इन्फेक्शनमुळेच ल्युकेमिया होतो असंही वाचलं. मग तो लागण होऊन पसरतो का?

ल्युकेमिया एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करू नका, मुलांना जवळ येऊ द्या. पेशंटचे काउंट पडलेले असताना सर्दी-खोकल्याच्या माणसाने लांब राहायचं, ते पेशंटला जपण्यासाठी.

एचटीएलव्ही-१ हा विषाणू मोठ्या माणसांतल्या एका विरळ ल्युकेमियाचं कारण आहे, हे खरं. मुलांच्या एएलएलबद्दल ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांची मांडणी अशी की पहिला जनुकीय बदल बऱ्याचदा गर्भातच होतो. तो असलेली बहुसंख्य मुलं कधीच आजारी पडत नाहीत. पहिल्या वर्षात साध्या जंतूंशी गाठ पडली नाही, तर पुढे झालेल्या एखाद्या इन्फेक्शनला शरीर अवाजवी उत्तर देतं आणि त्यात दुसरा बदल घडतो. म्हणजे ‘मी त्याला पावसात भिजू दिलं म्हणून झालं’ असं रडणाऱ्या आईचं काहीच चुकलेलं नसतं.

१८. पूर्वी औषधं नव्हती, तेव्हा माणसं कशी जगायची?

बहुतेक जगायची नाहीत. अक्यूट ल्युकेमिया झालेली मुलं काही आठवडे किंवा महिने काढायची. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानेच गेल्या. त्यांच्या नावाचा ट्रस्ट १९३२ पासून ल्युकेमियाच्या संशोधनाला पैसा देतो, आणि टाटा हॉस्पिटल परळला १९४१ मध्ये उघडलं.

त्याच परळच्या परिसरात १९२८ च्या सुमाराला इंग्लंडहून ल्युसी विल्स नावाच्या डॉक्टर आल्या होत्या. गरोदर गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयाचा त्या शोध घेत होत्या, आणि यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या झाल्या. त्यातलं द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. अमेरिकेत सिडनी फार्बर यांना असं दिसलं की फोलेट दिल्यावर ल्युकेमिया उलट भडकतो. मग त्याच्या उलट औषध द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा लेडर्ली कंपनीत होते. त्यांच्या चमूने बनवलेलं अॅमिनोप्टेरिन फार्बर यांनी सोळा मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये दहा जणांत सुधारणा नोंदवली. ती रेमिशनही तात्पुरतीच होती. पण ती औषधाने आली होती, म्हणून पुन्हा आणता येत होती, आणखी औषधं जोडून लांबवता येत होती. आज चांगल्या केंद्रांत एएलएलची बहुसंख्य मुलं बरी होतात, ती त्या वाटेने.

पैशांअभावी उपचार सोडून वाट पाहायचं मनात असेल, तर आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आणि ट्रस्टच्या मदतीचे अर्ज तिथून सुरू होतात.

१९. आमच्या पेशंटच्या बाबतीत खरंच असं झालंय. न्यूमोनिया झाला, कीमो दिलीच नव्हती, आणि मॅरो स्वच्छ आली. आता काय करायचं?

आनंद माना, तो खोटा नाही. शरीर सावरलं आहे, इन्फेक्शन गेलं आहे, आणि उपचारांना याहून चांगली वेळ नाही. पुढची दिशा तुमचे रक्तरोगतज्ज्ञ ठरवतील. एएमएलमध्ये अनेकदा याच काळात कीमो किंवा ट्रान्सप्लांट उरकायचा विचार होतो, कारण आजार परतण्याची शक्यता मोठी असते (प्रश्न ३ पाहा). थांबायचं ठरलं, तरी काउंट आणि एमआरडीवर कडक लक्ष ठेवून थांबायचं.

भेटीला जाताना सगळे जुने कागद न्या: पहिला सीबीसी, मॅरोचा रिपोर्ट, फ्लो, जनुकांचे रिपोर्ट. ताप कोणत्या तारखेला आला, कोणतं औषध कोणत्या दिवशी दिलं, रक्त कधी चढवलं, हे एका कागदावर तारीखवार लिहा. त्या काळात घेतलेलं प्रत्येक औषध लिहा, पुड्या धरून. आणि पहिल्या मॅरोच्या मूळ स्लाइड लॅबमधून सही करून मागून घ्या, त्यांच्याशिवाय प्रश्न ८ सुटत नाही. स्लाइड टिश्यूत गुंडाळून पिशवीत टाकू नका, परळ येईपर्यंत लोकलच्या गर्दीत फुटतात. लॅबकडे प्लास्टिकची स्लाइडची डबी मागा, नसेल तर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रबर लावा, आणि पिशवी खांद्याला न अडकवता छातीशी धरा.